लिफ्ट सुरू झाली की गच्चीवरचे कॅमेरे गायब: लॅन केबल विजेच्या तारांपासून किती लांब हवी?

कर्वेनगरकर
मंडळी, सोसायटीच्या एका कामात सल्ला हवा आहे. आमची ११ मजली इमारत. गच्चीवर चार कॅमेरे आणि त्यांचा पीओई स्विच (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा), तळमजल्यावर ऑफिसात एनव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी). दोन्ही टोकं जोडणारी कॅट-६ लॅन केबल विजेच्या डक्टमधून वर नेलेली आहे. त्याच डक्टमध्ये लिफ्टची थ्री फेज केबल आहे आणि लॅन केबल खालपासून वरपर्यंत तिलाच टाय मारून बांधली आहे. दिवाळीनंतर लिफ्टचं जुनं पॅनेल काढून व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवला. तेव्हापासून लिफ्ट हलली की चित्र अडकतं, कधी चारही कॅमेरे जातात.

एक ठेकेदार म्हणतो, सगळी केबल उपटून शिल्डेड (धातूच्या आवरणाची) कॅट-६ए टाका. दुसरा म्हणतो, फायबरशिवाय गत्यंतर नाही. चेअरमनसाहेब म्हणतात, वायरलेस करून मोकळे व्हा. तिन्ही कोटेशनं समोर आहेत. पैसे सभासदांच्या देखभाल निधीतले आहेत, म्हणून आधी खरं कारण कळावं अशी इच्छा आहे. लॅन आणि वीज यांत अंतर किती ठेवायचं? आणि हा त्रास खरोखर इंटरफिअरन्सचा आहे हे ओळखायचं कसं?

पर्वतीचा_वायरमन
एक फूट अंतर ठेवा. जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडा, समांतर धावू देऊ नका. विजेच्या डक्टमध्ये लॅन केबल घालणं मुळातच चूक. बिल्डरने फोन-टीव्हीसाठी वेगळा लो व्होल्टेज डक्ट दिला असेल, तो शोधा. बऱ्याच इमारतींत तो असतो आणि त्यात झाडू ठेवलेले असतात.

सदाशिव_नेटकर
लिफ्ट वर गेली की नेट खाली येतं म्हणा की! :)

गंमत सोडा, पण आमच्याकडेही हेच होतं. वाचतोय.

तांब्याची_तार
कर्वेनगरकर, कोटेशनांवर सही करण्याआधी चार गोष्टी बघून इथे लिहा.

पहिली, खालच्या स्विचवर त्या पोर्टचा वेग किती दिसतोय, १००० की १००? दुसरी, दोन्ही टोकांच्या पोर्टवर सीआरसी किंवा एफसीएस एररचा (वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाचा) आकडा किती आहे आणि तो लिफ्ट चालताना वाढतो की थांबलेली असतानाही? तिसरी, केबल टाकल्यावर ती कशाने तपासली, फक्त आठ दिवे लागणाऱ्या टेस्टरने की सर्टिफायरने (केबलचा दर्जा मोजणाऱ्या यंत्राने)? चौथी, प्लगमधला रंगांचा क्रम. दोन्ही टोकांचे फोटो काढा.

तोवर थोडं मागचं सांगतो, कारण 'विजेच्या तारेशेजारी लॅन टाकली की नेट जातं' हे सरसकट खरं नाही. लॅन केबलमध्ये चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीच्या दोन तारांवर एकच सिग्नल उलटसुलट पाठवतात आणि पलीकडचा पोर्ट फक्त दोघींतला फरक वाचतो. बाहेरून काही गोंगाट आला तर तो पीळ घातलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच येतो आणि फरक घेताना वजा होऊन जातो. शिवाय पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते १५०० व्होल्टपर्यंतचं विलगीकरण देतात. लॅनचा सिग्नल असतो मेगाहर्ट्झमध्ये. कॅट-५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते, कॅट-६ २५०, कॅट-६ए ५००. घरची वीज ५० हर्ट्झ. त्या संथ हेलकाव्याला पोर्ट ओळखतसुद्धा नाही. नीट जोडलेली केबल साध्या २३० व्होल्टच्या वायरीशेजारी राहिली म्हणून कॅमेरे बंद पडत नाहीत.

मात्र ड्राइव्ह, काँटॅक्टर, वेल्डिंग यांचं तसं नाही. तिथे व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्याही छोट्या भागात उसळी मारतं, आणि अशा उसळीचे तुकडे थेट लॅनच्या पट्ट्यात येऊन पडतात.

पर्वतीचा_वायरमन
तार भाऊ, तुमचं सिग्नलचं गणित बरोबर असेल. पण आम्ही अंतर ठेवा म्हणतो ते नेट चालावं एवढ्यासाठीच नाही. लॅन केबलचं इन्शुलेशन मेन्ससाठी नसतं. डक्टमध्ये उंदीर असतात, सांधा तापतो, पॉवर केबल सोलली जाते. उद्या ४१५ व्होल्ट त्या पातळ केबलवर आले तर रॅकला हात लावणाऱ्याचं काय? नेट चाललं तरी ती केबल तिथे नको म्हणजे नको.

तांब्याची_तार
शंभर टक्के सहमत. सुरक्षेचं अंतर आणि गोंगाटाचं अंतर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. गोंगाटासाठी युरोपातल्या ईएन ५०१७४ मानकाच्या जुन्या आवृत्तीत सोपा तक्ता होता: दोन्ही केबल बिनशिल्डच्या आणि मध्ये काही नसेल तर २०० मिमी, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पडदा असेल तर १००, पोलादी असेल तर ५०. नवीन आवृत्तीत केबलचा दर्जा आणि विजेचे सर्किट किती हे पाहून अंतर काढतात. तुमचा एक फूट या सगळ्याच्या वरच आहे, म्हणून तो चांगलाच नियम आहे.

भोसरी_मेंटेनन्स
भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, व्हीएफडी रोजचेच. एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय.

ड्राइव्ह आत आलेला एसी डीसी करतो. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस ५८० च्या आसपास असते. मग आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) ती बस सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतात. सगळ्यात घाण केबल म्हणजे ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची. आता कर्वेनगरकरांच्या इमारतीत मशीन रूम गच्चीवर असेल तर ड्राइव्ह आणि मोटर दोन्ही वरच आहेत. डक्टमधून खाली जाते ती सप्लायची केबल, मोटरची नाही. तिच्यावरही कचरा उलटा येतो, विशेषतः ड्राइव्हला ईएमआय फिल्टर (गोंगाट अडवणारा) नसेल किंवा फिल्टरचं अर्थिंग लोंबत असेल तर. पण मोटर केबलच्या मानाने तो बराच कमी.

म्हणून माझी विनंती: मशीन रूम उघडून बघा. मोटर केबल शिल्डेड आहे का, तिची जाळी दोन्ही टोकांना क्लॅम्पखाली गोल दाबून बसवली आहे का, की पिळून एका लांब शेपटीने बोल्टला लावली आहे? ती शेपटी ५० हर्ट्झला अर्थ असते, मेगाहर्ट्झला नसते. गोंगाट जिथे जन्मतो तिथेच दाबणं सगळ्यात स्वस्त. लॅन केबल कितीही भारी घेतली तरी वरचा ड्राइव्ह उघडा बोंबलत असेल तर उद्या इंटरकॉमवर तक्रार येईल. आणि हे काम लिफ्ट कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः पॅनेल उघडू नका. वीज बंद केल्यावरही बसवर काही मिनिटं चार्ज राहतो.

मीरा_कोथरूड
लिफ्टच्या शाफ्टमधून सरळ खाली नेली तर? अगदी सरळ रस्ता आहे.

भोसरी_मेंटेनन्स
नाही ताई. लिफ्टच्या शाफ्टमध्ये लिफ्टशी संबंध नसलेली कुठलीच वायर टाकायची नसते. केबल सुटून चालत्या लिफ्टमध्ये अडकली तर अनर्थ होईल.

शिल्डप्रेमी
एवढा काथ्याकूट कशाला? शिल्डेड केबल टाका, एका टोकाला अर्थ करा, विषय संपला. दोन्ही टोकांना अर्थ केलं की ग्राउंड लूप होतो हे आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये पहिल्या वर्षी शिकलो.

भोसरी_मेंटेनन्स
शिल्डप्रेमी, मापन यंत्रांच्या ४-२० मिलीअँपच्या सिग्नलला ते बरोबर आहे, तिथे शत्रू ५० हर्ट्झ असतो. ड्राइव्हचा गोंगाट मेगाहर्ट्झमधला. त्या वारंवारतेला एका टोकाला मोकळं सोडलेलं शिल्ड हा अँटेना होतो. आमच्याकडे मशीनच्या इथरनेट केबल दोन्ही टोकांना जोडतो, पण त्याआधी सगळी पॅनेल, ट्रे, मशीनचे सांगाडे जाड तांब्याच्या पट्टीने एकमेकांना बांधलेले असतात.

शिल्डप्रेमी
कारखान्यात बांधलेले असतात. ३० वर्षं जुन्या सोसायटीत गच्चीचं अर्थ आणि तळमजल्याचं अर्थ यांत पाच-सात व्होल्टचा फरक मी मीटरने पाहिलाय. तिथे दोन्ही टोकं जोडली तर शिल्डमधून करंट वाहील. ते चालेल?

तांब्याची_तार
हा आक्षेप रास्त आहे. एवढा फरक दिसत असेल तर दोष अर्थिंगमध्ये आहे, आणि तो माणसांसाठीही धोक्याचा आहे. आधी तो दुरुस्त करावा. नाहीतर दोन दूरच्या टोकांमध्ये तांबं जोडूच नये, फायबर टाकावी.

आणखी एक. शिल्डेड केबलला साधा प्लॅस्टिकचा प्लग मारलेला मी पुण्यात कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. फॉइल आणि ड्रेन वायर कापून टाकलेली, शिल्ड दोन्हीकडे अधांतरी. ग्राहकाने पैसे शिल्डचे मोजले आणि हातात काहीच आलं नाही. शिल्डेड घ्यायची तर प्लग, जॅक, पॅच पॅनेल सगळं धातूचं आणि जोडलेलं हवं. म्हणून एकट्या केबलच्या कोटेशनवर सही करू नका.

निवृत्त_दूरध्वनी
तरुण मंडळींची चर्चा आवडली. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली, म्हणून थोडं जुनं सांगतो.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीचा मार्ग जमिनीतून. परदेशात शहरांत विजेच्या ट्राम आल्या आणि फोनवर नुसता खरखराट ऐकू येऊ लागला. तेव्हा दोन तारांची जोडी आली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पिळाच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. तुमच्या कॅट-६ मध्ये आजही तीच युक्ती आहे. रस्त्याकडेच्या खांबांवर उघड्या तारांना पीळ घालता येत नसे, म्हणून ठराविक खांबांनंतर दोन तारांच्या जागांची अदलाबदल करायचो. त्याला ट्रान्सपोझिशन म्हणत. म्हणजे पीळच, पण शेकडो फुटांना एक. एखाद्या खांबावर अदलाबदल राहून गेली की शेजारच्या लाइनवरचं बोलणं या लाइनवर ऐकू यायचं. तेव्हा आम्ही आधी तार नव्हे, जोडी तपासायचो. कर्वेनगरकर, तुम्हीही जोडी तपासा.

अभ्यासू_औंध
काका, खूप छान! वाचनखूण साठवली.

यावरून आठवलं, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि दूरच्या भुजांवरच्या अँटेनांचेही सिग्नल मध्यवर्ती इमारतीत येतात ते ऑप्टिकल फायबरने. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण की आसपासच्या विजेच्या तारांवरची ठिणगीसुद्धा त्यांना त्रास देते. ज्यांना गोंगाट सगळ्यात जास्त नडतो त्यांनी काय निवडलं ते बघा. मी फायबरच्या बाजूने.

गणेशखिंड_साउंड
मंडळांना साउंड-लाइट देतो. मांडवात जनरेटर, डिमर, सगळं एका दोरीवर बांधलेलं असतं. डिमर अर्ध्यावर आणला की स्पीकर गुणगुणायला लागतो. माइकला बॅलन्स्ड केबल लावली की आवाज जातो, आणि त्याच केबलमधली एक तार प्लगमध्ये सुटली की गुणगुण परत येते. केबल तीच, डिमर तोच, फक्त जोडी मोडली. दूरध्वनी काका म्हणतात ते पटलं.

चिंचवडकर_७
पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर वापरा ना! विजेच्याच वायरीतून नेट जातं, केबलच नको.

तांब्याची_तार
त्या अ‍ॅडॅप्टरचा सिग्नल २ ते ३० मेगाहर्ट्झच्या आसपास विजेच्या तारेवरच फिरतो. ड्राइव्हचा कचरा त्याच तारेवर, त्याच पट्ट्यात. या इमारतीत तो सगळ्यात आधी मान टाकेल. वायरलेसचंही सांगतो: गच्ची ते तळमजला ११ स्लॅब आहेत. बाहेरच्या बाजूने पॉइंट-टू-पॉइंट लावता येईल, पण चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी तार शक्य असताना हवेवर विसंबू नये असं माझं मत.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बघून आलो.

दोन्ही स्विच गिगाबिटचे, पण लिंक १०० वर आहे. सीआरसी एरर फक्त खालच्या पोर्टवर दिसतात, वरचा पोर्ट जवळजवळ स्वच्छ. लिफ्ट थांबलेली असतानाही आकडा हळूहळू वाढतो, लिफ्ट हलली की धडाधड. केबल दिव्यांच्या टेस्टरने तपासली होती, आठही दिवे लागतात. प्लगमधला क्रम दोन्हीकडे सारखा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

तांब्याची_तार
सापडलं!! हा स्प्लिट पेअर आहे.

लॅनच्या प्लगमध्ये जोड्या असतात १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. टी५६८बी या मानकाचा क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तुमच्याकडे रंग ओळीने लावलेत, त्यामुळे तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीतली तार आली आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. सिग्नलच्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्याच नाहीत. दिव्यांचा टेस्टर फक्त १ पासून १ आणि ८ पासून ८ जुळतं का एवढंच बघतो, त्याला पीळ कळत नाही. म्हणून सगळे दिवे लागले.

१०० च्या वेगाला एक दिशा १-२ वरून जाते, दुसरी ३-६ वरून. १-२ शाबूत, ३-६ मोडलेली. एरर एकाच टोकाला का, याचं उत्तर तेच. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणून लिंक १०० वर घसरली. जुन्या पॅनेलच्या काळात शांतता होती म्हणून ढकललं जात होतं. ड्राइव्ह आला आणि पिळाविना उघडी पडलेली जोडी त्याचा गोंगाट पकडू लागली.

आधी दोन्ही प्लग कापून नव्याने मारा. पीळ प्लगच्या तोंडापर्यंत राहू द्या, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका.

निवृत्त_दूरध्वनी
शाब्बास. खांबावरची राहून गेलेली अदलाबदल ती हीच.

भोसरी_मेंटेनन्स
प्लग कापाल तेव्हा एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत लाल की पांढरी?

कर्वेनगरकर
अपडेट देतो. प्लग नव्याने मारले. लिंक १००० वर आली. दोन्ही लिफ्ट मुद्दाम वर-खाली फिरवल्या, दोन्ही पोर्टवर एरर शून्य. कॅमेरे चारही ठणठणीत. खर्च प्लगांचा तेवढा.

भोसरी, खरवडल्यावर आत पांढरी निघाली.

भोसरी_मेंटेनन्स
सीसीए. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, वाकवली की तुटते, आणि कॅट-६ च्या मानकात बसतच नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. वरच्या स्विचला जागेवरच वीज आहे म्हणून निभावलं. या केबलवरून पीओई दिली असती तर व्होल्टेज वाटेतच पडलं असतं. तपकीर गल्लीत घेताना '३०५ मीटर, शुद्ध तांबं' असं बिलावर लिहून मागा आणि दुकानातच खरवडून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत.

पर्वतीचा_वायरमन
कॅमेरे चालले याचा आनंद आहे, पण केबल अजून विजेच्या डक्टमध्येच आहे. ती काढायचीच आहे हे विसरू नका.

शिल्डप्रेमी
मान्य, इथे शिल्डची गरज नव्हती. पण सगळीकडे असंच असेल असं समजू नये.

कर्वेनगरकर
वायरमनदादा, विसरलो नाही. लो व्होल्टेज डक्ट सापडला, तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक मजल्यावर झाडू होते. कमिटीत ठरलं की त्या डक्टमधून फायबर टाकायची, दोन्ही स्विचला एसएफपी पोर्ट (फायबर जोडायचे) आहेतच. मुख्य कारण वळीव. गच्चीवर लोखंडी खांबावर कॅमेरे आहेत आणि मे महिन्यात विजा कडाडतात, तेव्हा गच्ची ते ऑफिस तांब्याची अखंड तार नको. लिफ्टवाल्यांनाही मोटर केबलचं शिल्ड आणि फिल्टरचं अर्थिंग तपासायला लेखी सांगितलं आहे.

तांब्याची_तार
उत्तम निर्णय. एकच सूचना: आर्मर्ड फायबर घेऊ नका. तिच्यावर पोलादी पत्रा असतो, म्हणजे ज्या धातूपासून सुटका हवी तोच परत खालपर्यंत येतो. इमारतीच्या आत बिनधातूची फायबर पुरते. आणि टाकताना एक जोडी जास्तीची टाका.

मीरा_कोथरूड
आता घरचा प्रश्न विचारते. फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे. टीव्हीमागे आणि अभ्यासाच्या टेबलाजवळ लॅनचा पॉइंट हवाय. ठेकेदार म्हणतो विजेच्याच कन्सील्ड पाइपमधून ओढतो, 'छोट्या घरात काही फरक पडत नाही'. वर तांब्याची_तार यांनी लिहिलंय की ५० हर्ट्झने नेट जात नाही. मग ओढू देऊ का?

तांब्याची_तार
नाही. नेट बहुधा चालेल, पण ती परवानगी नव्हे.

पर्वतीचा_वायरमन
ताई, भिंती अजून उघड्या आहेत ना? मग वेगळा २५ मिमीचा पाइप टाकून घ्या, विजेच्या पाइपपासून एक फूट लांब. बॉक्सही वेगळा, एकाच बॉक्सात सॉकेट आणि लॅन नको. वळणाला एल्बो नको, लांब बेंड वापरायला सांगा, म्हणजे नंतर केबल बदलता येते. आणि पाइपमध्ये ओढायची तार आत्ताच ठेवून द्यायला लावा.

मीरा_कोथरूड
धन्यवाद दादा. उद्या सकाळी ठेकेदार यायच्या आधी भिंतीवर खडूने दोन्ही रेषा आखून ठेवते.